हळू चालवायचे दिवस

डिसेंबर लागला की युरोपातले सायकलपटू स्पेनची वाट धरतात. कोस्टा ब्लांकाच्या किनाऱ्यावर काल्पे नावाचं गाव आहे. तिथली हॉटेलं या दिवसांत संघांच्या गाड्यांनी, मसाजवाल्यांनी आणि मेकॅनिकांनी भरून जातात. काही संघ मायोर्का बेटावर जातात. ज्यांना विरळ हवा हवी असते ते टेनेरीफला, तेइदे ज्वालामुखीच्या अंगावर, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून वर मुक्काम ठोकतात. मोसम सुरू होण्याआधीचे हे पायाभरणीचे आठवडे. आमचा संघ गेला लाखनीला, जिल्हा भंडारा.

‘आमचा’ म्हणायचा मला तसा काही अधिकार नाही. माझी सायकल कॉलेजबरोबरच सुटली आणि आता पन्नाशीही मागे पडली. नागपूरच्या एका क्लबच्या प्रशिक्षकांकडे मी एका लेखासाठी माहिती विचारायला गेले होते. त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही. सर म्हणाले, “माहिती काय सांगायची? गाडीत बसा, या सोबत.” गाडी म्हणजे मागून चालणारी जुनी बोलेरो. तिच्यात चाकांच्या जोड्या, ट्यूबा, पंप, केळ्यांचे घड, गुळाच्या ढेपा, पाण्याचे कॅन, गाडी चालवणारे काका, सर आणि मी.

या पोरापोरींना प्रोफेशनल म्हणायचं का, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी निघाला. दोघं रेल्वेत आहेत, खेळाडूंच्या कोट्यातून लागलेले. आपल्याकडे रस्त्यावरच्या सायकलपटूला सायकलीचा पगार मिळतो तो बहुतेक रेल्वेकडून, नाहीतर सैन्यदलाकडून. राष्ट्रीय स्पर्धेच्या निकालात राज्यांच्या नावांच्या बरोबरीनं ‘रेल्वे’ आणि ‘सेनादल’ ही नावं दिसतात ती त्यामुळेच. बाकीचे सगळे त्या कोट्याच्या रांगेत. कुणी बी.पी.एड. करतोय, कुणी जिममध्ये शिकवतो. कळमेश्वरकडच्या एका पोराची सायकल दीड लाखाची आहे आणि त्याच्या वडिलांची मोटारसायकल तिच्या निम्म्या किमतीची. सावनेरकडची एक मुलगी हिशेब सांगताना टायरपासून सुरुवात करते, कारण टायर सर्वांत आधी जातो. हे लोक वर्षभर रोज चार-पाच तास काम म्हणून सायकल चालवतात, खातात मोजून, झोपतात वेळेवर. पगार नाही एवढ्यावरून त्यांना हौशी म्हणायला माझी जीभ रेटेना.

लाखनीच का, याचं सरांचं उत्तर सरळ होतं. मुंबई-कोलकाता महामार्गानं नागपूरहून दोन तासांत पोचता येतं. महामार्ग सोडला की आतले रस्ते मोकळे, सपाट आणि अलीकडे डांबर बरं झालेले. राहायला मंगल कार्यालयाच्या दोन मोठ्या खोल्या मिळाल्या, भाडं परवडणारं. फक्त मधल्या एका तारखेला लग्न होतं; त्या दिवशी पोरांनी सायकली गच्चीवर नेऊन ठेवल्या आणि सगळे वरातीच्या बँडमध्ये झोपायचा प्रयत्न करत पडले. मी विचारलं, घाट नको का? मुंबई-पुणे शर्यतीत घाटाचा राजा निवडतात, पुण्याची पोरं सिंहगड चढून तयार होतात, आणि तुम्ही येऊन राहिलात धानाच्या बांध्यांत! सर म्हणाले, “घाट फेब्रुवारीत. आता यांना हळू चालवायला शिकवायचंय. घाटात हळू चालवता येत नाही.”

हे हळू प्रकरण मला समजायला वेळ लागला. सकाळी सहाला निघायचं. महामार्ग ओलांडून गट आतल्या रस्त्याला लागतो तेव्हा धुकं एवढं असतं की शेवटच्या सायकलीचा लाल दिवा तेवढा बोलेरोतून दिसतो. हातमोज्यांतही बोटं आखडतात. अशा वेळी अंगात ऊब यावी म्हणून कुणालाही जोर लावावासा वाटेल, पण नियम असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. छातीवर हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा असतो, पेडलमध्ये वॉट मोजणारं यंत्र असतं, हँडलवरच्या छोट्या पडद्यावर सगळे आकडे दिसतात. पण सरांचा भरवसा वाक्यावर. या वेगात शरीर चरबी जाळून चालायला शिकतं, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि पुढे शर्यतीत शेवटच्या तासासाठी साखर शिल्लक उरते. हे फायदे तासांच्या हिशेबानंच येतात. दोन तास जोरात हाणून चार तासांचं काम उरकता येत नाही.

त्यामुळे दृश्य असं की कार्बनच्या हलक्या सायकलींवर चकचकीत कपडे घातलेली, राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेली माणसं गप्पा मारत चाललेली आहेत आणि धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर हॉर्न देऊन त्यांना मागे टाकतोय. पहिल्या दिवशी कळमेश्वरच्या पोराला ते सोसलं नाही. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा आडोसा धरला आणि दोन किलोमीटर मस्त पळाला. परत आल्यावर सरांनी त्याला रागावलं नाही. फक्त त्याला बोलेरोच्या खिडकीशेजारी आणून मला म्हणाले, “मॅडम, याला काहीतरी लांबलचक विचारा.” मी त्याला त्याच्या गावाचा इतिहास विचारला. तो ‘आमचं गाव’ एवढ्यावरच तीनदा श्वास घेऊन थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, “बोल ना बे, इतिहास बोल!”

डिसेंबरात या जिल्ह्याचा रस्ता हा निव्वळ रस्ता नसतो. कापणी उरकलेली, मळणीचे दिवस. जागा मिळेल तिथे धान वाळत घातलेलं, आणि गावाजवळच्या डांबरासारखी कोरडी, तापणारी जागा दुसरी कुठली? अर्धा रस्ता सोनेरी. कडेला दगड मांडलेले, म्हणजे कुणी वरून गाडी घालू नये. तेवीस-पंचवीस मिलीमीटर रुंदीच्या टायरला धानाचे दाणे म्हणजे छर्रे. पुढचा हात खाली करून इशारा देतो, रांग एका ओळीत येते, आणि राखण बसलेली म्हातारी प्रत्येक सायकलीकडे असं पाहते की एखादा दाणा तरी चाकाला चिकटून जातोय की काय. खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या थप्प्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा. हमीभावाची, बोनसची, बारदान आलं का याची चौकशी. अशाच एका रांगेशेजारी पंक्चर काढायला थांबलो. ट्रॉलीवर बसलेल्या एका बाबांनी विचारलं, “कोठी जाता गा?”

“कुठेच नाही बाबा. शंभर किलोमीटर फिरून इथंच परत येतो.”

बाबांनी ट्यूब काढणाऱ्या पोराकडे, मग सायकलीकडे पाहिलं. “आमीबी तीन दिवसांपासून इथंच हाओ,” ते म्हणाले आणि बिडी पेटवली.

बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरी फेकून ठेवतात. धान कापलं की खालून ती हिरवी वर येते, वेगळी नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. त्याला उतेरा म्हणतात. त्या लाखोरीच्या डाळीचे वडे आम्हाला एका टपरीवर मिळाले आणि सरांनी पोरांना प्रत्येकी एकच घ्यायची परवानगी दिली. मला बंधन नव्हतं. रात्रीच्या जेवणात मात्र सगळे समान: भात, वरण, पोपटाच्या शेंगांतल्या दाण्यांची वांगी घातलेली भाजी, अंडी. भात इथला. इथल्या चिन्नोर तांदळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ताटात पडलेला वाफाळता, वास मारणारा भात कुणाचं प्रमाणपत्र विचारत नाही. युरोपातले संघ सोबत आचारी नेतात आणि तांदूळ ग्रॅममध्ये तोलून वाढतात. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे तोलणं अपमानाचं वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी काटा पाहिला, दुसऱ्या दिवशी तो सापडेना.

लाखनी-साकोलीच्या या पट्ट्यात गाव आलं की तळं येतंच. बोलेरोतून मी मोजायचं सोडून दिलं. बोडी म्हणजे लहान, तलाव म्हणजे मोठा. पूर्व विदर्भात असे हजारो आहेत आणि सरकारी कागदांवर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लाडात मामा तलाव. ते बांधले बहुतांशी कोहळी समाजानं, गोंड राजांच्या काळापासून. तळं बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन, असा तेव्हाचा रिवाज सांगतात. उताराच्या आडवी मातीची पाळ घालायची, पाळीच्या पोटात पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी निघून जायला बाजूला सलांग, आणि तिथून बांध्यांपर्यंत नहर. वरच्या तळ्याची सलांग खालच्या तळ्यात उतरते, त्याची त्याच्या खालच्या. मोजणीची यंत्रं नसताना उताराची ही जाण आली ती पावसात पाण्यामागे चालून. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. मग गाळ कुणी काढायचा, तुडूम कुणी दुरुस्त करायचं, याचा निकाल लागायला पिढ्या जाताहेत. काही तळ्यांत आज निम्मं पाणी आणि निम्मी बेशरम आहे. ज्यांची पाळ धड आहे तिथे मात्र डिसेंबरात चक्रवाक, शेकाट्या, बदकांचे थवे उतरलेले असतात आणि गट थांबला की सर पोरांना सायकलीवरून उतरू देत नाहीत, पण पाहू देतात.

एका पाळीवर सरांनी मला भूमितीचा एक तास दिला. हा प्रदेश सपाट दिसतो, पण सपाट नाही. तसा असता तर तळी झालीच नसती. रस्ता एका पाळीवर चढतो, उतरतो, नहर ओलांडतो, पुन्हा चढतो. पाव टक्का, अर्धा टक्का चढ. डोळ्यांना दिसत नाही, पण वॉट मोजणाऱ्या यंत्राला दिसतो, आणि अशा रस्त्यावर एकसारखा जोर ठेवणं हे घाटापेक्षा अवघड. घाटात गुरुत्वाकर्षण शिस्त लावतं. इथे स्वतःलाच लावावी लागते. मोठ्या उतारावर सायकल आपोआप पळते आणि पाय विसावतात. इथे चार-चार तास पेडल थांबत नाही. त्यांच्या भाषेत याला फुकटचा एकही किलोमीटर नाही असं म्हणतात.

शाळेच्या वेळेला रस्त्याचा रंग बदलतो. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली दोन-दोन, तीन-तीनच्या ओळींत. मानव विकास योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पाच किलोमीटरच्या आतली मुलगी सायकलीनं, बाकीच्या बसनं. दप्तर कॅरिअरला, ओढणी कंबरेला. गट त्यांच्यामागे आला की सर वेग आणखी कमी करायला लावतात. एकदा एक मुलगी मैत्रिणींशी पैज लावल्यासारखी गटाच्या शेजारी आली आणि शाळेच्या वळणापर्यंत बरोबरीनं राहिली. बिनगिअरची, पंधरा-सोळा किलोंची सायकल, सीट तिच्या उंचीला कमीच. सर मात्र तिच्या पायांच्या फिरण्याकडे पाहत होते. “बघा,” ते खिडकीतून बघत मला म्हणाले, “पेडल दाबत नाही, फिरवतेय. हे शिकवायला आम्हाला दोन वर्षं लागतात.” ती वळली, मागे वळून हसली आणि गेली. सरांनी शाळेचं नाव वहीत लिहिलं.

वहीत लिहिण्याला कारण आहे. भंडारा जिल्ह्यानं देशाला दोन वेगवान सायकलपटू दिल्यात, मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला टीम स्प्रिंट संघात तिघी होत्या: या दोघी आणि बंगालची त्रियाशा पॉल. म्हणजे देशाच्या तिघींपैकी दोघी धानाच्या या जिल्ह्यातल्या. स्पर्धा बर्मिंगहॅमची, पण ट्रॅक सायकलिंग झालं लंडनच्या ली व्हॅली व्हेलोड्रोममध्ये, २०१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या लाकडी ट्रॅकवर. टीम स्प्रिंट म्हणजे तीन फेऱ्या. पहिली खेळाडू जागेवरून सुटते, जीव तोडून एक फेरी ओढते आणि वर सरकून बाजूला होते. दुसरी एक फेरी ओढते. तिसरीनं उरलेली पुरी करायची. अडीचशे मीटरच्या तीन फेऱ्या मिळून मिनिटही लागत नाही. सायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच, पेडल थांबवता येत नाही. पदक आलं नाही, जवळपासही नाही. पण या खेळात तिथवर पोचलेल्या भारतीय मुली बोटांवर मोजाव्यात एवढ्याच.

सावनेरच्या मुलीला या दोघींच्या वेळा पाठ आहेत. तिची ओढ ट्रॅककडे, आणि तिला सर रस्त्यावर चार तास हळू चालवायला लावतात. मी तिला विचारलं, मिनिटभराच्या शर्यतीला हे कशाला? म्हणाली, “मॅडम, शर्यत मिनिटभराची, पण दिवसात चार-पाच वेळा उतरावं लागते ना. पहिली फेरी कोणीबी मारते. चौथ्या वेळेला पाय कोणाचे उरले, ते पाहायचं.” शिवाय पूर्वी बायकांची टाइम ट्रायल पाचशे मीटरची होती, आता ती पुरुषांसारखी एक किलोमीटरची केलीय. तिच्या मते हे बरं झालं. सरांच्या मते तिच्यासाठी तर फारच बरं.

जिल्ह्यात ट्रॅक नाही. विदर्भातल्या मुलीनं ट्रॅक गाठायचा तर साडेसातशे किलोमीटरवरचं पुण्याचं बालेवाडी, नाहीतर दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला २०१०च्या राष्ट्रकुलसाठी बांधलेला व्हेलोड्रोम. निवड होते ती लहानपणी. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीसाठी जागेवरून वर उडी मारून घेतात, जागेवरून लांब उडी, तीस मीटर धावणं, शटल रन, आठशे मीटर, मेडिसिन बॉल फेकणं. आठ ते चौदा वयाच्या पोरांच्या या कसोट्यांत सायकल कुठेच नसते. सायकल नंतर हातात येते, घर सोडल्यावर. मला यात एक खटकतं ते असं की इथला रस्ता, इथली शाळेची सायकल, इथलं अंतर हे सगळं मुलीला घडवून मोकळं होतं आणि नाव लागतं ते दूरच्या वसतिगृहाचं. पण सरांना यात काही खटकत नाही. “जाऊ द्या ना मॅडम, गेली तर पाहिजे,” एवढंच.

त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी पुण्याची स्पर्धा होती. पुणे ग्रँड टूर, जानेवारी २०२६च्या १९ ते २३ तारखांना, एक प्रोलॉग आणि चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर, परदेशी संघ येणार होते. रेल्वेतल्या दोघांचे डोळे त्या बातम्यांवर. आमच्यातलं कुणीच त्यात नव्हतं, पण रस्ते गुळगुळीत केल्याचे व्हिडिओ रोज रात्री फिरत होते. सावनेरची मुलगी एकदाच बोलली, “ती पुरुषांचीच हाय,” आणि फोन उलटा ठेवून झोपली.

झोप, हा इथला सर्वांत मोठा प्रश्न. दिवाळीनंतर पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावात, उद्या त्या गावात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक. नाटक म्हणजे रात्री दहाला पडदा आणि पहाटे घरी. खुर्च्यांची तिकिटं आधीच गेलेली असतात, मागे लोक गोधड्या घेऊन बसतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांची पोस्टरं आम्हाला दर चौकात भेटत होती: रक्त, अश्रू, सासू, वर्दी. एका रात्री लाउडस्पीकर इतका स्पष्ट ऐकू येत होता की सकाळी साडेपाचला उठलेल्या पोरांना नायिकेच्या नवऱ्यानं शेवटी काय केलं ते माहीत होतं. सरांनी कपाळाला हात लावला आणि त्या दिवशीचे दोन तास कमी केले. मी मात्र दुसऱ्या रात्री काकांना घेऊन नाटकाला गेले. संगीत थेट, रंगमंचाच्या कडेला बसलेलं, आणि विनोदी पात्र आलं की सगळा मांडव झाडीबोलीत त्याला उत्तरं देतो. हे सोडून लोकांनी झोपावं तरी का?

विश्रांतीच्या दिवशी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिला. विश्रांती म्हणजे तासभर अगदी हलकं चालवून मग पाय वर करून पडायचं, पण काकांनी पटाची बातमी आणली आणि सरांचाच धीर सुटला. २०१४च्या बंदीनंतर पट थांबले होते. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३च्या निकालात राज्याचा कायदा टिकला, तेव्हापासून हिवाळ्यात पुन्हा गर्दी. हलका छकडा, बैलांची जोडी, वर धुरकरी. सरळ धावपट्टी, दोन्ही टोकांना तारा आणि इलेक्ट्रॉनिक घड्याळ. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लाउडस्पीकरवर पुकारतात. जोडीच्या नावापाठोपाठ मालकाचं गाव. माझ्या डोळ्यांना सगळ्या जोड्या सारख्याच वेगानं गेल्या. आमची पोरं मात्र पाच मिनिटांत तिथली तज्ज्ञ झाली. “सुटायला लेट झाला,” “डावा बैल आधी उठला,” “शेवटी ढिला पडला.” सावनेरच्या मुलीनं एका जोडीचं सुटणं फोनवर चित्रित केलं आणि ते हळू करून पुन्हा पुन्हा पाहिलं: मागचे पाय कधी ताणले गेले, मान कधी खाली गेली. जागेवरून सुटणं ही तिची दुखरी बाजू. शेजारी उभ्या एका धुरकऱ्याला तिनं धीटपणे विचारलं, पटाआधी बैलांना काय खाऊ घालता, पळवता किती. तो म्हणाला, “पळवत कोन? हप्ताभर नुसता चालवतो. पाण्यात उभा करतो. पटाच्या दिवशीच पळते तो.” पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही, पण परतताना गाडीत शीळ वाजवत होते.

मोठी फेरी आली ती दोन दिवसांनी: साकोलीवरून लाखांदूर, तिथून पवनी, अड्याळमार्गे भंडारा आणि महामार्गानं परत लाखनी. दीडशेच्या आसपास किलोमीटर, वाटेत वळसा घेऊन गोसेखुर्द धरण. धरणाचा पाया १९८८मध्ये राजीव गांधींच्या हस्ते घातला गेला. वैनगंगेवर आडवी घातलेली अकरा किलोमीटरहून लांब भिंत, तेहेतीस दरवाजे. फुगवट्याखाली गेलेल्या गावांची माणसं आज नव्या वसाहतींतून राहतात, सरळ रेषेतले रस्ते आणि एकाच मापाची घरं, आणि आमचा गट त्यातल्या एका वसाहतीतून गेला तेव्हा चौकातला एक म्हातारा फलकावरच्या गावाच्या नावापुढे ‘पुनर्वसित’ लिहिलंय तिथंच टेकून बसला होता. भिंतीच्या खालून जाताना जलाशयावरचा वारा बाजूनं आदळला आणि पहिल्यांदा रांग तिरकी झाली. समोरून वारा असला की एकामागे एक चालून मागच्याची तीसेक टक्के मेहनत वाचते. वारा बाजूचा असला की आडोसा पुढच्याच्या मागे नसतो, तिरका, कुशीला असतो. मग गट पंख्यासारखा रस्ताभर पसरतो. रस्त्याची रुंदी संपली की उरलेल्यांना आडोसाही संपतो, आणि शर्यती तिथेच फुटतात. युरोपात रस्ते बंद करून हे चालतं. आमच्या पंख्याला तीन मिनिटं मिळाली. मग समोरून उसाचा ट्रक आला.

पवनीत प्राचीन नगर आहे, मातीचा कोट आहे, १९६९-७०च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर मौर्य-शुंग काळातला स्तूप निघाला, ब्राह्मी लेखांचे दगडी खांब मिळाले. गटानं ते सगळं पस्तीसच्या वेगानं पार केलं. मी काकांना विनवलं, पण बोलेरोनं गट सोडायचा नाही हा नियम. भंडाऱ्यात पितळेच्या दुकानांसमोर तर पोरांचं लक्षही गेलं नाही. त्या वेळेपर्यंत पाच तास झाले होते आणि गप्पा आपोआप बंद पडल्या होत्या. कारध्याच्या पुलावर वैनगंगा ओलांडताना सरांनी खिडकीतून ओरडून विचारलं, “बोलता येतंय का?” एकानं ‘हो’ म्हटलं. सरांनी पूर्ण वाक्य मागितलं. तो म्हणाला, “सर, मले लय भूक लागली हाय अन् मी घरी जातो.” व्याकरण बरोबर होतं, म्हणून वेग मान्य झाला.

जोर लावायची परवानगी शेवटी मिळाली ती उत्तरेला, तुमसरच्या पुढे. तिकडे जमीन हळूहळू सातपुड्याकडे उठते. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींचे ट्रक काही रस्त्यांवर काळी धूळ उडवतात, ते रस्ते टाळून सरांनी आंबागडच्या दिशेची एक पट्टी निवडली होती. वीस मिनिटांची चाचणी: जेवढा एकसारखा जोर लावता येईल तेवढा. एकेकाला दोन मिनिटांच्या अंतरानं सोडलं. कळमेश्वरचा पोरगा पहिल्या पाच मिनिटांतच सगळं घालवून बसला. रेल्वेतल्या दोघांचे आकडे गेल्या वर्षाएवढेच आले आणि ते त्यावर खूश होते, कारण गेल्या वर्षी हे आकडे फेब्रुवारीत आले होते. सावनेरची मुलगी संपल्यावर सायकलीवरून उतरली नाही, हँडलवर डोकं टेकून उभी राहिली आणि मग पडद्यावरचा आकडा हातानं झाकून सरांना म्हणाली, “आधी तुमी सांगा, किती वाटते?” सरांनी सांगितलेल्यापेक्षा तो सहा वॉटनं जास्त होता.

वर आंबागडचा किल्ला दिसत होता. देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळात त्याच्या पठाण सरदारानं, राजाखानानं, सतराशेच्या सुमारास बांधलेला. पुढे भोसल्यांकडे आला आणि त्यांनी तिथे कैदी ठेवले. आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून कैद्यांना मारायचे, अशी दंतकथा आहे. मी म्हटलं, आता इथवर आलोच आहोत तर सगळे वर जाऊ या. पोरं तयार होती. सर म्हणाले, “पायऱ्या? अजिबात नाही.” मला वाटलं चेष्टा करताहेत. पण सायकलपटूंचा हा जगभरचा कायदा आहे: उभं राहता येत असेल तर चालू नये, बसता येत असेल तर उभं राहू नये, आणि जिना तर चढूच नये. सातशे-आठशे किलोमीटर चालवलेल्या माणसांना दोनचारशे पायऱ्यांची बंदी! शेळ्या राखणारा एक पोरगा हे ऐकत होता. त्यानं विचारलं, “मंग आले कायले?”

मी एकटी चढले. वाटेत दोनदा बसले, तिसऱ्यांदा बसले तेव्हा मागून एक शाळेची सहल मला ओलांडून गेली. वर बुरूज, तुटलेल्या भिंती, झाडीत बुजलेली विहीर. तिच्यात वाकून पाहिलं, पाणी हिरवं होतं, चव घ्यायचा मोह झाला नाही. दक्षिणेला तळ्यांचे तुकडे चमकत होते, आठ तरी मोजले. तेवढ्यात फोन वाजला. सर म्हणाले, “मॅडम, पोरांना दीड वाजता जेवायला हवंच, म्हणून आम्ही निघालो. काका येतीलच तुम्हाला घ्यायला. पण आधी ते तुमसरला केळी आणायला गेलेत. तुम्ही सावकाश उतरा.”